डेन्मार्कची सून आणि माझं आप्पेपात्र

अहो, ऐकलंत का? जरा अशा कुंपणाजवळ या ना. मोठ्यानं बोलले तर पलीकडच्या मामींना ऐकू जातं, आणि मामींना ऐकू गेलं म्हणजे संध्याकाळच्या आत कुंभकोणमला पोचलंच म्हणून समजा. मी खरं तर एक वस्तू मागायला आले होते, पण ते राहू दे, शेवटी सांगते. रावकाकांकडची मंडळी काल रात्री गेली. मुलगा, सून, दोन्ही नातवंडं. मघाशी काकू झोपाळ्यावर एकट्याच बसल्या होत्या. मी विचारलं, "जेवलात का?" तर "हो" म्हणाल्या, आणि डोळे भलतीकडेच.

तुम्ही नेमक्या डिसेंबरात त्रिचीला लेकीकडे! अख्खा महिना फुकट घालवलात हो. आपल्या गल्लीत इतकी करमणूक मी लग्न होऊन पुण्याहून इथे आले तेव्हापासून झाली नव्हती.

सूनबाई कोपनहेगनची, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. सात-आठ वर्षांत ती दोनदा येऊन गेली, पण दोन्ही वेळा उन्हाळ्यात, आणि दोन्ही वेळा बिचारीच्या अंगावर घामोळं. या खेपेला म्हणाली, ख्रिसमस मुलांनी आजीच्या घरी करायचा. मुलं लहान आहेत तोवरच त्याची गंमत. काकूंनी फोनवर "या, या" म्हटलं आणि फोन ठेवून माझ्याकडे आल्या. "अगं, केक आणायचा आणि झाड लावायचं, एवढंच ना?" मीही म्हटलं, एवढंच असेल. एवढंच! अहो, महिनाभर चालतो तो प्रकार.

आणि हो, ती हाक! नातवंडं काकूंना "फार्मोर, फार्मोर" करत घरभर हिंडायची. त्यांच्यात बापाच्या आईला फार्मोर आणि आईच्या आईला मोर्मोर. फार म्हणजे बाप, मोर म्हणजे आई, सरळ हिशेब. मामींनी ऐकलं 'फार्मर'. मला जिन्याखाली ओढून म्हणतात, "तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला ही मुलं शेतकरी कशाला म्हणतात?"

तर काय सांगत होते… एक डिसेंबर. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईनं हॉलमध्ये खिडकीपासून देवघराच्या चौकटीपर्यंत सुतळी बांधली आणि तिला टांगल्या पुड्या. चोवीस थोरल्याच्या, चोवीस धाकटीच्या. प्रत्येकीवर आकडा. रोज सकाळी एक सोडायची, म्हणजे चोवीस तारखेला सण आला हे मुलांना बोटांवर कळतं. काकूंनी मनातल्या मनात गुणाकार केला, मला चेहऱ्यावर दिसला ना! अठ्ठेचाळीस भेटवस्तू! पण आत काय, तर खोडरबर, एक गोटी, चिकटवायची चित्रं. एका पुडीत नुसता मोजा. दुसरा मोजा दुसऱ्या दिवशी. हुशार हो बाई.

आणि टेबलावर एक उंच मेणबत्ती. तिच्यावर वरून खाली एक ते चोवीस आकडे. रोज संध्याकाळी एकेक आकडा जाळायचा आणि फुंकर मारून… इथे आजींनी झोपाळ्यावरून हाक घातली. रावकाकांच्या आई हो, सत्त्याऐंशीच्या, पण कान अजून तिखट. "दिवा फुंकायचा? तिन्हीसांजेला? आपल्या घरात?" सगळे चिडीचूप. मुलाचा चेहरा पडला, सूनबाईला कळेना आपलं काय चुकलं. मग आजींनीच तोड काढली. देवापुढलं निरांजन आपण फुलानं शांत करतो ना, तसं करा. झालं! त्या दिवसापासून धाकटी रोज संध्याकाळी हातात शेवंतीचं फूल घेऊन उभी. अर्धं फूल जळायचं, घरभर करपट वास सुटायचा, पण कुणी काही बोललं नाही.

एकदा मात्र घोटाळा झाला. मेणबत्ती लावली आणि सगळे पाहुण्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. तुम्हाला माहितीये ना, फाटकापाशी आपल्या गप्पा किती वेळ… परत येऊन बघतात तर नऊ, दहा, अकरा तिन्ही आकडे गेलेले! थोरल्यानं गळा काढला. सूनबाई म्हणाली, तिकडेही घरोघर असं होतंच. पण पोरगा ऐकेना. तेव्हा रावकाकांनी पंचांग काढलं आणि नाकावर चष्मा चढवून त्याला क्षयतिथी समजावून सांगितली. तिथीचा क्षय होतो, म्हणजे दिवस चोरीला गेला असं नसतं, म्हणे. त्या आठ वर्षांच्या पोराला ते पटलं! आमच्या ह्यांना चाळीस वर्षं समजावते आहे, त्यांना नाही पटलेलं.

आणि गंमत ऐका. सोळा डिसेंबरला आपला मार्गळी महिना लागला. आपल्याकडे पुण्यात धुंधुरमास म्हणतो, पहाटे उठून मुगाची खिचडी, तोच हो. कोपऱ्यावरच्या पेरुमाळाच्या देवळात पहाटे स्पीकर सुरू झाला तेव्हा सूनबाई दचकून उठली. काकांनी सांगितलं, आंडाळची तिरुप्पावै, तीस पाशुरं, महिनाभर रोज एक. ती डोळे मोठे करून म्हणाली, "म्हणजे हेही कॅलेंडरच की!" दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला दोन्ही पोरं स्वेटर घालून देवळात हजर. स्वेटर! आपल्या तंजावुरात! कुणी तरी आजोळहून विणून पाठवलेले. हातात दोना, दोन्यात गरम पोंगल, तूप ओघळतंय. पुजाऱ्यांनी तिसऱ्या दिवशी आपण होऊन दुसऱ्यांदा वाढलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला वीस वर्षांत एकदाही दुसऱ्यांदा मिळालेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. निस्से!

निस्से म्हणजे… कसं सांगू तुम्हाला. कोकणात राखणदार असतो ना, तसा, पण वीतभर. करडा अंगरखा, टोकदार लाल टोपी. शेतावरच्या जुन्या घरात तो माळ्यावर राहायचा, गोठ्यातली गुरं सांभाळायचा. मान ठेवला तर सगळं बरकतीत, नाही ठेवला तर खोड्या. सणाला त्याच्यासाठी माळ्यावर वाडगा ठेवायचा, दुधात शिजवलेला मऊ भात, वर दालचिनी-साखर आणि मधोमध लोण्याचा गोळा. लोणी विसरायचं नाही हं! सूनबाईनं त्यावरची गोष्ट सांगितली. एका घरी वाडग्यात वर लोणी दिसेना. निस्सेला राग आला, त्यानं जाऊन घरची गायच मारून टाकली. परत येऊन भात खायला लागला तर लोणी तळाशी! मग त्याला इतकं वाईट वाटलं की रातोरात शेजारच्या गोठ्यातून तस्सीच दुसरी गाय आणून बांधली.

"आणि शेजाऱ्याचं काय?" काकूंनी विचारलं. बँकेतली बाई ना. गोष्टीत ते नाही म्हणे.

गाय मारली म्हटल्यावर आजींचा चेहरा जरा… पण लोण्याच्या मुद्द्यावर त्या निस्सेच्या बाजूनं होत्या. "पोंगलात तूप नसलं तर मलाही राग येतो," म्हणाल्या.

तर पोरं माळ्यावर चढली. रावकाकांचा माळा तुम्ही पाहिलाय, नवरात्रातल्या कोलूच्या बाहुल्यांची खोकी, पितळी पातेली, काकांच्या चाळीस वर्षांच्या डायऱ्या. खोकं उघडलं तर त्यात आपली तलैयाट्टी, ती मान हलवणारी तंजावूर बाहुली, पोट सुटलेले म्हातारे शेठजी. पोरानं टिचकी मारली, शेठजींनी मान डोलावली. झालं! धाकटी वरूनच ओरडली, निस्से सापडला! इकडचा निस्से असाच दिसतो, ठरून गेलं. त्याच्यापुढे वाडगा ठेवला. लोण्याऐवजी काकूंनी घरचं तूप घातलं, चांगलं दोन पळ्या.

सकाळी वाडगा स्वच्छ!

पोरांच्या आनंदाला पारावार नाही. रोज रात्री वाडगा, रोज सकाळी चाटूनपुसून साफ. आता मी काही कुणाचं नाव घेत नाही. पण काकांची शुगर ऑगस्टपासून नीट आटोक्यात होती, आणि नाताळानंतरचा रिपोर्ट काकूंनी मला दाखवला. आणि माळ्याच्या शिडीची तिसरी पायरी करकरते, ती आमच्या बेडरूममध्ये ऐकू येते. रात्री अकराला निस्सेचं वजन पंच्याऐंशी किलो असावं, असा माझा आपला अंदाज… जाऊ दे.

तर काय सांगत होते, फराळ! दिवाळीसारखा फराळ असतो हो त्यांचा. एक म्हणजे क्लायनर. मैद्याची पोळी लाटायची, शंकरपाळ्यासारखी तिरकी कापायची, मधे चीर द्यायची आणि एक टोक त्या चिरेतून ओढून घ्यायचं. मग तळायची. म्हणजे गाठ मारलेली शंकरपाळीच! त्यात वेलची. दुसरं पेबरनोडर, सुपारीएवढ्या गोल कडक बिस्किटगोळ्या. त्यात मिरी, दालचिनी, वेलची. तिसरं… ते तिसरं सांगते नंतर, त्यातच तर माझं दुखणं आहे.

काकू कणिक मळताना थांबल्या आणि परातीत नाक घालून वास घेतला. म्हणाल्या, "काय गं, यात तुमच्याकडचं काय आहे? मिरी आमची, वेलची आमची, निस्सेचा तांदूळ आमचा." सूनबाई पीठ लागलेल्या हातांनी कपाळावरचे केस सारत म्हणाली, "लोणी!" आणि दोघी अशा हसल्या म्हणता! सात वर्षांत त्या दोघींना एकत्र हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या गोळ्यांचा एक खेळही असतो. ताटलीत गोळ्या मांडायच्या. एकानं बाहेर जायचं. बाकीच्यांनी एक गोळी ठरवायची, ती उंदीर. मग त्यानं आत येऊन एकेक गोळी उचलून खात सुटायचं. उंदराला हात लागला की सगळ्यांनी ओरडायचं, "मूस!" डेनिशमध्ये मूस म्हणजे उंदीर. पोरांनी दुसऱ्या डावाला आमच्या सोयीसाठी मराठीत "उंदीर!" अशी आरोळी ठोकली, आणि मामी नेमक्या तेव्हाच दारात… अहो, सत्तर वर्षांची बाई झोपाळ्यावर दोन्ही पाय वर घेऊन उभी! झोपाळा हलतोय, मामी कडी धरून "अय्यो, अय्यो"! मी हसले नाही. तोंडात पदर होता माझ्या.

कागदाच्या हृदयांचं ऐकलंत का? त्यांचं यूलेयेर्ते. लाल आणि पांढरा असे दोन कागद दुमडायचे, पट्ट्या कापायच्या, आणि एका कागदाची पट्टी दुसऱ्याच्या आतून, मग बाहेरून, अशी विणत न्यायची. शेवटी बदामी आकाराची पिशवी होते, आत खाऊ भरून झाडाला टांगायची. परीकथा लिहिणारे अँडरसन होते ना, त्यांच्या हातचं १८६० सालचं असलं हृदय अजून जपून ठेवलंय म्हणे, सगळ्यात जुनं. थोरल्याच्या हातून काही जमेना, पट्ट्या फाटायला लागल्या, ओठ थरथरायला लागले. तेवढ्यात आपली फुलवाली आली. ती पायरीवर टेकली, दोन मिनिटं नुसतं बघितलं, टोपलीतून माडाची ओली पात काढली, नखानं चिरली आणि तोंडातलं पान संपायच्या आत हिरवं हृदय पोराच्या हातावर ठेवलं. मांडवाची तोरणं विणणारा हात तो! सूनबाईनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि तिच्या शेजारी पायरीवरच बसली शिकायला. त्या दिवशी फुलं अकरा वाजता पोचली सगळ्यांकडे. माझे देव पारोसेच.

बरं, मधे एक वादही झाला. बाप रे, तो विसरलेच होते. रावकाका शाळेत इतिहास शिकवायचे हे तुम्ही जाणताच, कुणी समोर बसलं की तास सुरू. एका रात्री जेवताना म्हणाले, "सूनबाई, तुझ्या देशाचे आमच्यावर उपकार आहेत. आमच्या सरफोजी महाराजांना लहानपणी सांभाळलं, शिकवलं, ते तुमच्या श्वार्ट्झनं." ती शांतपणे म्हणाली, "बाबा, श्वार्ट्झ जर्मन होता."

अहो, काकांच्या हातातला घास तस्साच! वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले ना. खरं म्हणजे दोघांचंही बरोबर. प्रशियातला माणूस, पण १७५० साली तरंगंबाडीला आला तो डेन्मार्कच्या राजाच्या मिशनमधून. तुळजाजी महाराजांनी १७८७ मध्ये मरताना लहानसं दत्तक पोर त्याच्या हवाली केलं. शिवगंगेजवळच्या चर्चमध्ये ते संगमरवरी शिल्प आहे ना, मरणशय्येवर पाद्री आणि त्याचा हात धरलेले आपले महाराज, ते सरफोजींनी लंडनच्या फ्लॅक्समनकडून मुद्दाम करवून घेतलं.

पण काका हरणारे नव्हेत. पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुमच्याकडे हे नाताळचं झाड कधी आलं?" तिनं फोनवर पाहून सांगितलं, पहिलं १८०८ साली एका सरदाराच्या वाड्यात, मग १८११ मध्ये कोपनहेगनात. काकांनी मांडीवर थाप मारली. "आमच्या महाराजांनी १८०६ साली याच तंजावुरात मुलांसाठी इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या. बालबोधमुक्तावली! तुमच्याकडे झाड नव्हतं तेव्हा आमच्याकडे पोरांना पुस्तक होतं!" मुलाचा चेहरा पडला, त्याला वाटलं बायको आता उठून जाते. ती कुठली उठते! म्हणाली, "आणि छापखाना या तंजावूरच्या मुलखात पहिल्यांदा कुणी आणला, बाबा? आमच्या तरंगंबाडीच्या मिशननं. तमिळ नवा करार, १७१५." काका बघतच राहिले. मग काकूंना म्हणाले, "हिला आणखी एक पोळी वाढ."

आता चोवीसची रात्र. त्यांच्यात पंचवीसची सकाळ नाही, चोवीसची संध्याकाळच खरी. झाड म्हणून सुरूचा शेंडा आणला होता, समुद्राकडून येणाऱ्या एका लॉरीवाल्याला सांगून. तो हॉलच्या मधोमध. भिंतीला नाही हं, मधोमध, का ते सांगते. वर लाल-पांढरी हृदयं, हिरवी माडाची हृदयं, डेन्मार्कच्या इवल्याशा झेंड्यांची माळ, आणि खऱ्या मेणबत्त्या. खऱ्या! पंखा बंद. काका बादली भरून कोपऱ्यात उभे. सूनबाई म्हणाली, तिकडेही बादली ठेवतातच.

जेवण त्यांनी शाकाहारी केलं, आजींचा मान. तिकडे बदक नाही तर डुकराचं मांस असतं, तो विषयच निघाला नाही. पण बटाटे निघाले. छोटे उकडलेले बटाटे, साखर करपवून पाक करायचा, लोणी घालायचं आणि बटाटे त्यात घोळवायचे. साखरेत बटाटे! मी काकूंकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे बघितलं. मामींनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "नल्ला इरुक्कु." छान आहे म्हणे. दुसरा घेतला नाही.

मग आलं रिसालामांग. शिजवलेला भात थंड करून त्यात फेटलेलं क्रीम, व्हॅनिला, बदामाचे काप, वरून चेरीचा गरम रस. चेरी कुठली मिळायला, करवंदाचा मुरांबा पातळ करून घातला, माझ्या माहेरचा. आणि त्या मोठ्या पातेल्यात एकच अख्खा बदाम लपवलेला. ज्याला सापडेल त्याला बक्षीस. पण खुबी अशी, सापडला तरी सांगायचं नाही. गालात धरून ठेवायचा आणि साळसूदपणे खात राहायचं, म्हणजे बाकीचे आशेनं खात सुटतात. आपल्या भोंडल्यात खिरापत ओळखायला लावतात ना, तसंच, पण जास्त दुष्ट.

अहो, काय सांगू! एकेकाचे चेहरे बघावे. थोरला प्रत्येक घास जिभेवर घोळवतोय. काका चौथ्यांदा वाढून घेतायत, शुगर विसरून. मामी म्हणतायत, "मला नकोच बक्षीस," आणि चमच्यानं तळ खरवडतायत. मुलगा बायकोवर संशय घेतोय. आजी आपल्या झोपाळ्यावर, "थोडं वाढ गं, बरं झालंय," असं म्हणत तीन वाट्या. पातेलं रिकामं. बदाम नाही! धाकटीच्या डोळ्यांत पाणी. सूनबाई गोंधळली, म्हणाली, मी घातला होता, नक्की घातला होता. मुलानं तर पातेलं उलटं करून पाहिलं.

तेव्हा आजींनी कनवटीची गाठ सोडली. आत पुसून ठेवलेला बदाम! पहिल्या वाटीत सापडला होता हो त्यांना. दात नाहीत, गालात धरता येईना, म्हणून कनवटीला लावला, आणि वर आणखी दोन वाट्या खाल्ल्या, तोंडावर रेष हलू न देता.

आरडाओरडा थांबला आणि सूनबाईनं बक्षीस आणलं. आणलं आणि तिथेच थबकली. तिच्या लक्षात आलं. तिकडे परंपरेनं बक्षीस असतं बदामाच्या मिठाईचं… डुक्कर. गुलाबी. शेपूट वळलेली. कोपनहेगनहून जपून आणलेलं. सत्त्याऐंशी वर्षांच्या सोवळ्या बाईच्या हातात आता ते कसं द्यायचं? मुलगा लाल, काकू पांढऱ्या. मी जमिनीकडे बघितलं. आजींनी डबी उघडली, डोळ्यांजवळ नेली, उलटून पाहिली. "वराहावतार," म्हणाल्या. "कशाचा केलाय? बदामाचा? मग प्रसादच की." आणि कान मोडून धाकटीच्या तोंडात घातला.

नंतर सगळ्यांनी झाडाभोवती हात धरून फेर धरला. म्हणून झाड मधोमध. गाणी म्हणत गोल फिरायचं, एकदा इकडून, एकदा तिकडून. मला तर हस्ताचा भोंडलाच आठवला, हत्तीच्या जागी सुरू. शेवटी ती साखळी घरभर पळत सुटते, खोल्याखोल्यांतून, स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातूनसुद्धा. मामी माझ्या मागे, माझा पदर धरून. काका बादलीसकट.

भेटवस्तूंचं तर विचारू नका. एकेक करून उघडायच्या, बाकीच्यांनी बघायचं. काकूंच्या नणंदेनं सूनबाईला कांजीवरम दिली, अस्सल, मोरपिशी. ती हरखली, आभार मानले, आणि सहज विचारलं, "याला बदलून घ्यायची चिठ्ठी आहे का?" तिकडे हो, दुकानवालेच पुडक्याला तशी चिठ्ठी लावून देतात, नवीन वर्षाच्या आत अर्धा देश भेटी बदलायला निघतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. नणंदबाईंना वाटलं. अजून वाटतंय. काल निरोप द्यायलाही आल्या नाहीत. तुम्ही विषय काढू नका हं त्यांच्याकडे.

त्यांची एक गोष्ट मात्र मला फार आवडली. ते नाताळचं तिकीट. लहानपणी शाळेत आपल्याला टीबीची तिकिटं विकायला द्यायचे, आठवतं? मूळ डेन्मार्कचंच ते. १९०४ साली पहिलं निघालं. पोस्टातल्या एका कारकुनाच्या, आयनार होल्ब्योल त्यांचं नाव, डोक्यात आलं, की नाताळात एवढी पत्रं जातात, प्रत्येकावर एक जादा तिकीट लावलं तर आजारी मुलांसाठी घरं बांधता येतील. आणि बांधली. काकूंनी ते ऐकून सुतळीवरची, तसलं तिकीट लावलेली, एक रिकामी पुडी काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. का, ते मी विचारलं नाही. त्यांची धाकटी बहीण… तुम्हाला माहीतच आहे.

सव्वीसला सगळे तरंगंबाडीला गेलो. हो, मलाही नेलं, गाडीत जागा होती. नव्हती खरं तर, पण मी डबा केला होता. शंभरेक किलोमीटर, मधे कुंभकोणमला डिग्री कॉफी. ओवे गेडे नावाचा त्यांचा कप्तान मिरीच्या व्यापारासाठी १६२० मध्ये तिथे उतरला आणि आपल्या तंजावूरच्या रघुनाथ नायकाशी त्यानं करार केला. सोन्याच्या पत्र्यावरचं नायकाचं पत्र आजही कोपनहेगनात आहे. पुढे व्यंकोजीराजे आले आणि खंडणी भोसल्यांकडे यायला लागली. १८४५ मध्ये इंग्रजांना विकून टाकलं सगळं, बंगालमधलं सेरामपूर धरून साडेबारा लाखांना. आज त्यात चेन्नईत फ्लॅटची पार्किंगसुद्धा येत नाही.

थोरला तिथल्या डान्सबोर्ग किल्ल्याच्या तटावर धावत सुटला. १७१८ च्या त्या न्यू जेरुसलेम चर्चवर राजाचं चिन्ह आहे, मुकुट आणि चौथ्या फ्रेडरिकचं अक्षर. पोरगा बोट दाखवून म्हणाला, "आमच्या राजाचं नावही फ्रेडरिक! पण दहावा." काकांनी लगेच त्या मिशनच्या पाद्र्याची, त्सीगेनबाल्गची, कबर दाखवली, त्यानं १७०७ मध्येच तिथे मुलींची शाळा काढली, वगैरे. पोरानं जांभई दिली. मग एकदम विचारलं, "म्हणजे आमच्या पेबरनोडरमधली मिरी इथून नेली?" काका हो म्हणाले. "फार्मोरला विचारून?" आता यावर कोण काय बोलणार!

किनाऱ्यावर मात्र… सव्वीस डिसेंबर ना. २००४ च्या त्सुनामीची आठवण. कोळीणी पाण्यात दूध आणि फुलं सोडत होत्या. धाकटीच्या हातात हिरवं हृदय होतं माडाच्या पातीचं. तिनं आईकडे बघितलं, आईनं मान हलवली. तिनं ते पाण्यात सोडलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही.

हं. तर मी काय मागायला आले होते… ते तिसरं पक्वान्न! एब्लस्किवर. नावाचा अर्थ सफरचंदाच्या चकत्या, आणि आत सफरचंदाचा पत्ता नाही. मैदा, ताक, वेलची, गोल गोल, वर पिठीसाखर आणि सोबत जॅम. सूनबाई खुणा करून सांगत होती की त्याला खास भांडं लागतं, बिडाचं, सात खळग्यांचं, सुईनं उलटवायचं, ते इथे कुठून मिळणार! मी म्हटलं थांब. घरी गेले आणि माझं आप्पेपात्र आणून तिच्यापुढे ठेवलं. बिडाचं, सात खळग्यांचं. माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंचं, शंभर कुळीपणियारमं खाल्लेलं. अहो, ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, आजीचं काही सापडावं तशी. विणायच्या सुईनं गोळे उलटवताना तिचा हात बघायला हवा होतात, आमच्या सासूबाईंचाच.

रोज केले तिनं. अंडं न घालता, आजींसाठी. मीच म्हटलं, राहू दे गं तुझ्याकडे, जाताना दे.

काल रात्री बॅगा गाडीत चढल्या, गळाभेटी झाल्या, गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. आज सकाळी मी काकूंकडे गेले, ओट्याखाली बघितलं, फळीवर बघितलं. काकू तिकडे खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अगं, मुलाची बॅग अडीच किलोनं जास्त भरली होती. काउंटरवर पैसे भरले त्यानं."

मी काय बोलणार? नायकांकडून निदान सोन्याच्या पत्र्यावर लिहून तरी घेतलं होतं.

तर तुमच्याकडे आहे ना हो जास्तीचं एक? नॉनस्टिक नको. उद्या माझ्याकडे पाहुणे आहेत.